सिकलसेल : रक्त आणि कलंक

माझ्या वर्गातील एक पावरा विद्यार्थी दर दोन-तीन आठवड्यांनी गैरहजर राहत असे. मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालो होतो. एक दिवस त्याने वहीत लपवलेले कार्ड मला दाखवले. त्यावर लिहिले होते : सिकलसेल रुग्ण. "सर, वर्गात सांगू नका. बहिणीचं लग्न व्हायचं आहे," एवढेच तो म्हणाला.

नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल-पावरा वस्त्यांत ही व्याधी घरोघरी ऐकू येते. तिच्याविषयीचे अज्ञान मात्र आपणा शिकलेल्यांतही कमी नाही.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या फरकाने तांबडी पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. मूल जन्मते तेव्हा काही दिसत नाही, कारण गर्भातले हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याला सांभाळते. ते ओसरले की हातपाय सुजतात, मूल कळवळून रडते, अंग फिकट पडते, प्लीहा वाढते, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. मग घरात प्रश्न निघतो : कोणाची नजर लागली? आणि बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळते. तिला डाकीण ठरवले जाते.

विज्ञान काय सांगते? हा दोष आई आणि बाप या दोघांकडून आला तरच मूल सिकलसेलचे रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते वाहक असते, आणि वाहक बहुधा धडधाकट असतो. दोन वाहकांच्या संसारात प्रत्येक खेपेला रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा एकट्या आईला दोषी धरण्यास कोणताही आधार उरत नाही.

हा दोष आदिवासींत, तसेच विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महारांत अधिक का? 'हलके रक्त' म्हणणारे आजही आहेत. १९५४ मध्ये अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले की, वाहकाला घातक हिवतापापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या मुलखात ज्यांच्या पिढ्या तगल्या, त्यांच्या रक्तात ही खूण टिकली. पुढे जातीतल्या जातीत विवाहाच्या बंधनाने ती त्या त्या समाजात कोंडली गेली. हे बंधन म्हणजेच जातीचा गाभा, असे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच मांडले होते. अर्थात केवळ जातीबाहेर लग्न केल्याने रोग टळतो असे नाही. दुसरा जोडीदारही वाहक असू शकतो. म्हणून लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासावे.

उपचार आहेत. बालपणी पेनिसिलिन व लसी, पुढे फॉलिक आम्ल, हायड्रॉक्सियुरिया, गरजेप्रमाणे रक्त. डॉक्टर सांगतात : भरपूर पाणी प्या, ऊन टाळा, अतिश्रम करू नका. पण ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाने हे पाळायचे कसे? पाल उन्हात, पाणी लांब, आणि औषध देणारे उपकेंद्र मागे गावात. रोग रक्तातून येत असला तरी त्याची तीव्रता पुष्कळदा मजुरीच ठरवते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. २०२३ मध्ये केंद्र सरकारचे निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठरले. तपासणी हवीच. पण हातात कार्ड दिले आणि मनातली लाज तशीच ठेवली, तर ते कार्ड वहीतच लपून राहील.

मी विदर्भातला, बौद्ध. त्या मुलाच्या कार्डानंतर मीही रक्त तपासून घेतले. मी वाहक निघालो. दुसऱ्या दिवशी ते वर्गात सांगितले. त्याचे नाव अर्थातच घेतले नाही. सांगताना जीभ अडखळली, कारण माझीही धाकटी बहीण लग्नाची आहे. ही अडखळ ज्या समाजाने आपल्या तोंडात ठेवली आहे, त्याच्याशी झगडणे हे चळवळीचेच काम आहे. त्याची सुरुवात शिक्षकांनी हजेरीपटापासून करावी : गैरहजेरीची खूण करण्यापूर्वी, पोर का आले नाही, एवढे तरी विचारावे.