लिहिते हात का थांबतात?

खडकीच्या आमच्या वस्तीतील विहाराच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका दर रविवारी रात्री त्यावर मजकूर लिहीत. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण लेखणी अशी की सोमवारी पहिल्या पाळीला निघालेले कामगार सायकल थांबवून वाचत. आज त्या फळ्यावर फक्त निधनवार्ता आणि वर्गणीचे आकडे असतात.

काका थकले म्हणून थांबले, असे आमचे कार्यकर्ते सांगतात. हे खोटे आहे! 2011 च्या जयंतीनंतर त्यांनी रोषणाई व ध्वनिक्षेपकावर किती खर्च झाला आणि वाचनालयाला किती मिळाले, एवढेच फळ्यावर मांडले. रात्रीतून फळा पुसला गेला. बैठकीत त्यांच्या आकड्यांना एकानेही उत्तर दिले नाही. प्रश्न एकच विचारला गेला, "तुम्ही कोणत्या गटाचे?" काका आमच्याकडे आले. "वकीलसाहेब, माझा हिशेब चुकला का?" आम्ही म्हणालो, "हिशेब बरोबर आहे, वेळ चुकली." या वाक्याची आम्हाला आजही लाज वाटते. फळा पुसणाऱ्याइतकेच आम्हीही दोषी आहोत.

बांधवांनो, पैसा नाही, वेळ नाही, ही कारणे जुनीच आहेत. 1927 साली सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'चे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. तेव्हा समाजात लिहिणारे हातच मोजके होते. आज घरोघरी पदवीधर आहेत, मग आमच्या पत्रांचे रकाने ओस का?

याच पुण्यात बटलरची नोकरी करणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली 'सोमवंशीय मित्र' काढले. मुरळी सोडण्याच्या प्रथेवर त्यांनी कोरडे ओढले, तेव्हा शिवूबाई नावाच्या मुरळीनेच पत्र लिहिले आणि 1909 साली ते छापले गेले. जिला गावाने देवाच्या नावावर सोडून दिले होते, तिच्या शब्दाला त्या पत्रात जागा मिळाली. ती कोणाच्या बाजूची, हे संपादकाने विचारले नाही. पत्र अल्पायुषी ठरले, तरी ते पत्र आज शंभर वर्षांनंतरही आम्हाला आठवते.

आणि आम्ही? 1972 ला पँथर उभी राहिली, 1974 ला फुटली. ढसाळ आणि ढाले यांच्यातील वाद विचारांचा होता, तो व्हायलाच हवा होता. पण खाली वस्तीत पोहोचेपर्यंत त्यातला विचार गळाला आणि 'तू कोणाचा' एवढेच उरले. कोर्टात समोरचा वकील आमचा युक्तिवाद चिरफाडून टाकतो, तरी दुसऱ्या दिवशी आम्ही उभे राहतोच, कारण त्याने तो ऐकलेला असतो. टीकेने लेखक पळत नाही. न वाचता मारलेल्या शिक्क्याने मात्र तो घरी बसतो. वर आम्हीच भाषणात विचारतो, नवे लेखक कुठे आहेत?

गेल्या महिन्यात आम्ही खडूची पेटी घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी कपाटातून भरलेल्या तीन वह्या काढून दाखवल्या. लिहिणे थांबलेच नव्हते, आम्हाला देणे थांबले होते. पेटीला त्यांनी हात लावला नाही. "त्या हिशेबाचे उत्तर आले का?" एवढेच विचारले.

पुढच्या रविवारच्या बैठकीत 2011 च्या जयंतीचा हिशेब हा पहिला विषय आम्ही लेखी दिला आहे.