पटाची जोडी रोज जपा

आपल्या आर्वी भागातला गवळाऊ बैल अंगाने हलका, चालीला चपळ. म्हणून शंकरपटाला तो हवाच. २०१४ साली बंद पडलेले पट सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. पण भाऊ, बैल ऐनवेळी तयार होत नसतो! पहाटे फिरवा, खरारा करा, खुरांतले खडे रोज काढा. ढेप-कडबा नेहमीचाच ठेवा. पट जवळ आला म्हणून एकदम ज्वारी-गव्हाचा मारा केलात, तर पोटात आम्ल होऊन बैल बसतो, कधी दगावतोही. धान्य वाढवायचेच तर दोन आठवडे मुठीमुठीने. तुतारीची आर मात्र घरीच राहू द्या. कायद्याला ती चालत नाही. पशुवैद्यकाचा दाखला लागतोच, तेव्हा त्यांनाच पायही दाखवून घ्या.