घोंगडी, गाळणी आणि बारीक भोकं

पावसाची भुरभुर चालू असताना पणदऱ्याच्या बाजूला दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, मेंढरांमागे घोंगडीची खोळ घेऊन चालणारा धनगर. दुसरा, उसात निघालेला, प्लॅस्टिकचा कागद अंगाभोवती गुंडाळलेला मजूर. तासाभरानं मजुराचा सदरा आतून ओलाच असतो, पण घामानं. ही नुसती गैरसोय नाही. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. वाफेला वाटच नसेल तर घाम येतो, पण अंग थंड होत नाही. उकाड्यात, कष्टाच्या कामात हे जिवावर बेतू शकतं.

घोंगडीला तर भोकं असतात. मग पाणी आत का येत नाही?

वर्गात करून पाहा. चहाची धातूची गाळणी वितळलेल्या मेणात बुडवून लगेच झटका (हे काम शिक्षकांनीच करावं). भोकं मोकळी राहायला हवीत. आता कडेनं अगदी हळू पाणी सोडा. थोडं पाणी जाळीवर थांबतं! मेणाला पाणी चिकटत नाही, म्हणून प्रत्येक भोकात पाण्याचा पृष्ठभाग खाली फुगतो आणि पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. भोक एक मिलिमीटरचं असेल तर साधारण एक सेंटिमीटर उंचीचं पाणी पेलतं. भोक निम्मं केलं की उंची दुप्पट. या हिशोबानं एक मायक्रॉनचं, म्हणजे हजारपट लहान भोक दहा मीटर पाणी पेलेल.

वाफेचं काय? तिचे रेणू सुटे असतात, त्यांना पृष्ठताण अडवत नाही. आणि मायक्रॉनचं भोक त्यांच्यापेक्षा हजारो पटींनी मोठं असतं. म्हणून भोकं बुजवायची नाहीत, बारीक करून संख्येनं वाढवायची. एकूण मोकळी जागा तेवढीच राहते, वाफ जाते, पाणी अडतं.

१९६९ साली बॉब गोअर यांनी टेफ्लॉन झटक्यानं ताणून अशी सच्छिद्र पातळ पटलं बनवली. दुसरा मार्ग विजेचा. बहुवारिकाचं द्रावण सुईतून सोडून काही हजार व्होल्टचा दाब दिला, की धार ताणली जाऊन मायक्रॉनहून बारीक तंतू निघतात आणि एकमेकांवर पडून त्यांचं जाळं होतं. (हे तंत्र तसं जुनं, १९३४ सालचं पेटंट आहे.) एका थरातलं मोठं भोक पुढचा थर झाकतो. पण असं पटलं नाजूक, म्हणून बाहेर दणकट कापड आणि आत मऊ अस्तर.

घोंगडीत लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग मेणचट, पाणी झटकणारा. तंतूचा गाभा मात्र वाफ शोषतो, वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश. भोकं मोठी असल्यानं ती भुरभुर अडवते, मुसळधार पाऊस नाही.

आता गाळणीतल्या पाण्यात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. पाणी लगेच गळायला लागेल. महागडा रेनकोट भरपूर साबण लावून धुतला आणि नीट खळबळला नाही, तर तो का झिरपतो, हे मुलांना विचारा.