पिलाला झटका येतो तेव्हा

अंगणात बागडणारे वर्षभराचे कुत्रे एकाएकी कुशीवर कोसळते. त्याचे अंग ताठ होते, पाय झडू लागतात आणि तोंडातून लाळ गळते. पाहणाऱ्यास वाटते, ते आता मरणार! परंतु हा बहुधा अपस्माराचा झटका असतो.

मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत्संदेशांनी शरीराचे व्यवहार चालवितात. असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडू लागल्या, की स्नायूंवरील ताबा सुटतो. विषबाधेनेही झटके येतात; परंतु अन्य कारण न सापडणारा अपस्मार बहुधा ६ महिने ते ६ वर्षे या वयात प्रथम दिसतो.

अशा वेळी कांदा हुंगविणे व्यर्थ होय. कुत्रे जीभ गिळीत नाही. म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नये. शुद्ध हरपलेले इमानी जनावरही नकळत चावते. टणक वस्तू दूर साराव्यात, गोंगाट थांबवावा व घड्याळ पाहावे. झटका बहुधा एकदोन मिनिटांत ओसरतो. तो ५ मिनिटांहून अधिक टिकल्यास पशुवैद्याकडे तत्काळ धाव घ्यावी. कुत्रे भटके किंवा लस न टोचलेले असेल, तर मुलांनी त्यास स्पर्शही करू नये. कारण तो रेबीजही असू शकतो.

झटक्यानंतर कुत्रे भांबावते. धन्यासही ओळखत नाही. त्याला शांतपणे निजू द्यावे. फेनोबार्बिटोनसारख्या औषधाने पुष्कळ कुत्र्यांचे झटके कमी होतात. मात्र औषधाची वेळ चुकवू नये. ते एकाएकी बंद केल्यास झटके पुन्हा उसळतात. रोग बहुधा समूळ जात नाही; तथापि ज्याचा धनी न घाबरता नित्य काळजी घेतो, ते कुत्रे पुन्हा अंगणात बागडू शकते.