विश्लेषण : शिकाऊ विमाने उतरतानाच का अडखळतात?

बारामतीत ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रशिक्षणाचे एक छोटे विमान आपत्कालीन स्थितीत उतरवावे लागले. त्याचे पुढचे चाक निखळले, मात्र जीवितहानी टळली. हातकणंगले, इचलकरंजी परिसरातील मुलामुलींना वैमानिक व्हायचे तर बारामती हे एक प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे तिथला अपघात इथल्या पालकांच्याही काळजीचा विषय ठरतो.

यापूर्वी काय घडले?

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीत बारामतीहून निघालेले प्रशिक्षण विमान शेतात कोसळले. एकटीने विमान चालवणारी प्रशिक्षणार्थी जखमी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला एकाच संस्थेची दोन विमाने बारामती तालुक्यात कोसळली. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) त्या संस्थेची उड्डाणे थांबवली. हे सगळेच अपघात धावपट्टीवरचे नव्हते; पण शिकाऊ वैमानिकाचा खरा कस लागतो तो विमान उतरवतानाच.

उतरणे इतके अवघड का?

सेसना १५२ हे दोन आसनी विमान पूर्ण भारासह जेमतेम ७५७ किलोचे. म्हणजे छोट्या मोटारीएवढेच. ते ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येते. जमीन काही फुटांवर असताना वैमानिक इंजिनाची ताकद कमी करून नाक अलगद उचलतो. याला ‘फ्लेअर’ म्हणतात. मागची दोन चाके आधी, पुढचे नंतर टेकले पाहिजे. नाक लवकर उचलले तर विमान वर तरंगते, वेग गमावते आणि आदळते. उशीर झाला तर ते उसळते.

खरा धोका उसळल्यानंतर असतो. घाबरलेला विद्यार्थी नाक खाली दाबतो, पुढचे चाक आधी आपटते आणि पुढची उसळी आणखी मोठी होते. पुढचा पाय मोडतो तो अशाच वेळी. आडवा वारा असेल तर हलके विमान बाजूला ढकलले जाते, ते वेगळेच.

एकट्याने उडताना काय बदलते?

शेजारी प्रशिक्षक नसला की विमान हलके होते. ते पटकन वर चढते आणि उतरताना धावपट्टीवर जास्त वेळ तरंगते. रोजच्या सवयीचा अंदाज चुकतो आणि चूक सावरणारा दुसरा हातही नसतो.

उपाय काय?

उसळी मोठी असेल तर पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जायचे, एक फेरी मारून नव्याने उतरायचे. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. हा कमीपणा नाही. सुरक्षित वैमानिकाची ती सवय आहे. धावपट्टी समोर असताना हा निर्णय घेणे मात्र सरावानेच जमते.

पालकांनी काय विचारावे?

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि खर्च लाखांत जातो. त्यामुळे प्रवेशाआधी काही प्रश्न विचारावेत. एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती? एकट्याने उडण्यासाठी वाऱ्याची मर्यादा किती? विमानांची देखभाल कोण करते? ‘गो-अराउंड’ केल्यावर विद्यार्थ्याला बोलणी बसतात का? डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी सुरू केली आहे, तीही पाहावी. शुल्क भरण्याआधी मिळालेली ही उत्तरे जाहिरातीतल्या गणवेशापेक्षा जास्त उपयोगी पडतात.