ज्या हाडांतून नाद आला नाही

मेलेल्या माणसाची आठवण ठेवणे ही गोष्ट वरवर साधी वाटते. पण कोणत्या मृताची आठवण ठेवायची आणि कोणाला विसरून जायचे, हे आपल्या समाजात आपोआप ठरलेले नाही. ते जातीने ठरवले, मालमत्तेने ठरवले आणि धर्मसत्तेने त्यावर शिक्का मारला. या प्रश्नाकडे मला एका साध्या प्रसंगाने वळवले. तो आधी सांगतो.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. मी पुसेगावला होतो. पुण्याला नोकरी करणारी पुतणी सुट्टीला आली होती. तिच्या कचेरीत हॅलोविन साजरा झाला होता. भुतांचे मुखवटे, भोपळ्याचे दिवे, नाचगाणी. ती हसत सांगत होती. मी तिला म्हटले, "बाई, हा सण मुखवट्यांचा नव्हता, मेलेल्यांचा होता."

१ नोव्हेंबर हा ख्रिस्ती धर्मातल्या सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा. त्याच्या आदली रात्र म्हणजे हॅलोविन. या रात्री गेलेले लोक आपल्यात येतात अशी युरोपातल्या खेड्यापाड्यांतली समजूत. आपल्याकडच्या सर्वपित्री अमावास्येसारखीच. पुढे बाजाराने तिचा खेळ केला. परंतु लंडनमध्ये एका जागी या रात्रीला काही वर्षे वेगळाच अर्थ मिळाला. ती जागा म्हणजे सदर्क भागातले क्रॉस बोन्स नावाचे कबरस्तान.

थेम्स नदीच्या दक्षिणेकडचा हा भाग मध्ययुगात विंचेस्टरच्या बिशपच्या अखत्यारीत होता. तेथील कुंटणखान्यांना त्याच्या हद्दीत परवानगी होती आणि त्यांवरचे उत्पन्न धर्मपीठाच्या तिजोरीत जात होते. पण त्याच स्त्रिया मेल्या की त्यांना पवित्र जमिनीत जागा नव्हती. जॉन स्टो या इतिहासकाराने १५९८ मध्ये लिहून ठेवले आहे की, अशा 'एकट्या स्त्रियां'साठी चर्चपासून दूर एक वेगळे कबरस्तान होते. ते हेच असे मानले जाते. पुढे येथे दरिद्री लोकांना पुरू लागले. जमिनीत जागाच उरली नाही तेव्हा १८५३ साली ते बंद झाले. सुमारे १५,००० माणसे तेथे पुरली गेली असावीत, असा अंदाज आहे. १९९० च्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामाच्या निमित्ताने उत्खनन झाले आणि १४८ सांगाडे बाहेर काढले गेले. त्यांत अर्भके आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती.

जॉन कॉन्स्टेबल या नाटककाराने या जागेचा विषय लावून धरला. १९९८ पासून २०१० पर्यंत दरवर्षी हॅलोविनच्या रात्री लोक मेणबत्त्या घेऊन तेथे जमत. मृतांच्या नोंदवहीतली नावे फितींवर लिहून ती लोखंडी फाटकाला बांधत. फाटकावर पाटी लागली, तिच्यावर या मृतांना एकच विशेषण दिलेले आहे, आणि त्याचे मराठी होते : बहिष्कृत.

हा शब्द आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली सभा काढली ती 'बहिष्कृत हितकारिणी' आणि १९२७ साली पत्र काढले ते 'बहिष्कृत भारत'. ज्याच्याकडून काम घ्यायचे, उत्पन्न घ्यायचे आणि मेल्यावर मात्र त्याची माती वेगळी करायची, ही रीत बिशपच्या लंडनला जशी ठाऊक होती तशीच आपल्या गावगाड्यालाही. गावातल्या मयताचा सांगावा परगावी नेणारा महार, सरणाची लाकडे वाहणारा महार. पण त्याची स्वतःची माती वेगळ्या जागी.

पुतणीने विचारले, "काका, मग आपल्याकडं असं कुणी कुणाची हाडं जपली का?"

जपली. आणि ज्याने जपली त्याचे जन्मगाव मानले जाते ते नरसी आमच्याच जिल्ह्यात आहे. इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली. तिच्याखाली मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा होता. ज्या कुसाबाहेर त्याला जन्मभर ठेवले, तेच कूस बांधताना तो मेला. परंपरा सांगते की, नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातल्या हाडांना कान लावला, ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा नाद आला ती चोखोबाची म्हणून उचलली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

नामदेव शिंपी, चोखोबा महार. रक्ताचे नाते नाही, जातीचे नाही. तरी त्याने ती हाडे आपली मानली. ही कृती मोठी आहे, यात शंका नाही. परंतु येथे दोन प्रश्न उपस्थित होतात.

पहिला असा की, मृताला मान दिला म्हणून जिवंताला जागा मिळाली काय? चोखोबाची समाधी दाराशी झाली आणि चोखोबाचे लोक पुढची सहाशे वर्षे दाराबाहेरच राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले तेव्हा कुठे ते दार उघडण्याचे मान्य झाले. समाधीला फुले वाहणे आणि समाधीतल्या माणसाच्या नातवाला ढकलून देणे, या दोन्ही गोष्टी एकाच हाताने होऊ शकतात.

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. ज्या हाडांतून नाद आला नाही त्यांचे काय झाले? भिंत एकट्या चोखोबावर पडली नव्हती. त्याच्याबरोबर मेलेल्या मजुरांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. त्यांनी अभंग रचले नव्हते, म्हणून त्यांची हाडे ढिगाऱ्यातच राहिली. भक्तीने हाडांकडेही पुरावा मागितला. क्रॉस बोन्सच्या फाटकावर फीत बांधणाऱ्याने तो मागितला नाही. पुरलेली बाई पापी होती की भाविक, हे त्याने विचारले नाही. फरक आहे तो इथे.

आपण बौद्धांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडले. ते योग्यच झाले. पितर जेवायला येत नाहीत, आणि पिंड ज्याच्या त्याच्या कुळापुरताच असतो. श्राद्धाच्या जागी आपण ६ डिसेंबर आणला, १ जानेवारी आणली. नामांतरात १९७८ साली मारले गेलेले पोचिराम कांबळे, १९९३ साली नांदेडला स्वतःला जाळून घेणारे गौतम वाघमारे यांची नावे आपण घेतो. घेतलीच पाहिजेत. पण ज्यांच्या मरणाने इतिहास हलला नाही, त्यांची वही आपल्याकडे नाही.

त्या रात्री आम्ही दोघे आणि वस्तीतले एक म्हातारबाबा, असे आमच्या मातीच्या जागेवर गेलो. मागे गावात पणत्या लागल्या होत्या. पुढे अंधार, बाभळी आणि गवताखाली बसलेले मातीचे उंचवटे. पुतणी मोबाईलच्या उजेडात वही धरून बसली. म्हातारबाबा बोट दाखवीत सांगू लागले. पुरुषांची नावे तीन पिढ्यांपर्यंत आली. बायांची येईनात. "ही किसनाची माय. ही तिकडची, हिला वाकडीच म्हणायचे. ही दुष्काळात आली, कुण्या गावची ठाऊक नाही." मग कडेच्या एका जागेकडे त्यांनी बोट नेले आणि थांबले. तिथे बाळंतपणात गेलेल्या बाया, न जगलेली लेकरे आणि एक मुरळी. त्यांना आपल्याच लोकांनी बाजूला पुरले होते.

गावाने आम्हाला कुसाबाहेर ठेवले हे आम्ही दर व्यासपीठावरून सांगतो. आमच्या मसणवट्यातही एक कूस होते, हे मी त्या रात्री पाहिले. पुतणीने विचारले, "यांचं काय लिहू?" म्हातारबाबा म्हणाले, "आपली म्हणून लिही."

वहीत चाळीसएक नोंदी झाल्या. निम्म्यांना नाव नाही.

आठवणीचा उत्सव करू नये, असे माझे म्हणणे आहे. मेणबत्त्या लावल्याने भागत असते तर समाधीने केव्हाच भागले असते. वस्तीवस्तीतून अशी वही झाली पाहिजे. मातीच्या जागेची नोंद सरकारी कागदावर आहे की नाही, ते प्रत्येकाने जाऊन पाहिले पाहिजे, नसेल तर ती करून घेतली पाहिजे. कारण जी जागा कागदावर नाही ती उद्या रस्त्यात जाते, आणि तिच्याबरोबर तिथली माणसे दुसऱ्यांदा जातात. आणि ती वही लिहिताना कुणाच्या हाडांना कान लावू नये. नाद येवो न येवो, ती आपली आहेत.