सोलर पॅनेलमधला ‘सीट फुल्ल’ नियम: बोसॉन आणि फर्मिऑन सोप्या भाषेत

धाराशिव जिल्ह्यात पावसाचा भरवसा नसतो, उन्हाची मात्र कधीच टंचाई नसते. म्हणून तर शेताशेतांत सोलर पंप दिसायला लागलेत आणि धाराशिवजवळ कौडगावला महानिर्मितीचा 50 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. पण एक प्रश्न कधी पडलाय का? पॅनेलमध्ये काहीच फिरत नाही, काहीच जळत नाही. मग नुसत्या उन्हातून वीज येते कशी?

याचं उत्तर क्वांटम जगातल्या एका नियमात आहे: अगदी एकसारखे असलेले कण ऊर्जेच्या जागा आपसांत कशा वाटून घेतात? हाच नियम तुमच्या हातातल्या फोनच्या चिपमध्येही काम करतो.

‘एकसारखे’ म्हणजे किती एकसारखे?

एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे दोन फोन घ्या. दिसायला सेम, पण प्रत्येकाचा आयएमईआय नंबर वेगळा. त्यामुळे अदलाबदल झाली तरी ओळखता येते.

इलेक्ट्रॉनला असा कुठलाच नंबर नसतो. दोन इलेक्ट्रॉनची अदलाबदल केली, तर काही बदललं हे निसर्गालाही सांगता येत नाही. प्रकाशाच्या कणांचं, म्हणजे फोटॉनचंही तसंच. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट सगळं गणितच बदलून टाकते.

मोजून बघा

समजा दोन कण आहेत आणि दोन जागा: अ आणि ब. कण किती प्रकारे बसतील?

- नंबर असलेल्या वस्तू (दोन फोन): दोन्ही अ मध्ये, दोन्ही ब मध्ये, पहिला अ मध्ये आणि दुसरा ब मध्ये, किंवा त्याच्या उलट. एकूण 4 प्रकार. दोन्ही एकत्र असण्याची शक्यता 2/4, म्हणजे निम्मी.
- फोटॉन: पहिला कोण आणि दुसरा कोण हा प्रश्नच उरत नाही, म्हणून शेवटचे दोन प्रकार एकच ठरतात. एकूण 3 प्रकार. एकत्र असण्याची शक्यता 2/3. म्हणजे फोटॉन घोळक्यात सापडण्याची शक्यता जास्त!
- सारखाच स्पिन असलेले इलेक्ट्रॉन: एका जागेत दोघं बसूच शकत नाहीत. उरतो फक्त 1 प्रकार: एक अ मध्ये, एक ब मध्ये.

फोटॉन मोजायची ही पद्धत सत्येंद्रनाथ बोस यांनी शोधली. ते तेव्हा ढाका विद्यापीठात शिकवत होते. जून 1924 मध्ये त्यांनी आपला लेख थेट आइनस्टाइनना पाठवला. आइनस्टाइननी स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून तो छापून आणला. अशा घोळक्यात राहणाऱ्या कणांना आज बोस यांच्या नावावरून ‘बोसॉन’ म्हणतात.

एकाच जागेत दुसऱ्याला येऊ न देणारे कण म्हणजे ‘फर्मिऑन’. हे नाव एन्रिको फर्मी यांच्यावरून आलं. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे तिन्ही फर्मिऑन. इलेक्ट्रॉनसाठीचा ‘जागा एक, कण एक’ हा नियम वोल्फगांग पाउली यांनी 1925 मध्ये मांडला. पुस्तकात त्याला पाउलीचं अपवर्जन तत्त्व म्हणतात.

आता पॅनेलमध्ये शिरू

धाराशिवहून मुंबईला जाणारी रात्रीची स्लीपर ट्रॅव्हल्स डोळ्यांसमोर आणा. डबल बर्थवर दोनच माणसं, तिसऱ्याला जागा नाही. सिलिकॉनमधल्या ऊर्जेच्या जागाही अशाच असतात. प्रत्येक पातळीवर दोनच इलेक्ट्रॉन, आणि तेही उलट स्पिनचे.

सिलिकॉनच्या तुकड्यात अब्जावधी अणू एकत्र येतात, तेव्हा या पातळ्यांचे जणू दोन मजले तयार होतात. खालचा मजला इलेक्ट्रॉननी खच्चून भरलेला, वरचा जवळपास रिकामा. खाली सगळ्या जागा फुल्ल असल्यामुळे कुणालाच सरकता येत नाही. इलेक्ट्रॉन सरकले नाहीत, तर करंटही नाही.

दोन मजल्यांमधलं अंतर साधारण 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट असतं. एवढी ऊर्जा असलेला उन्हातला फोटॉन आला की तो एका इलेक्ट्रॉनला वर ढकलतो. वर मोकळी जागा असते, त्यामुळे तो इलेक्ट्रॉन पळू शकतो. खाली त्याची जागा रिकामी होते, म्हणून तिथेही सरकासरकी सुरू होते. पॅनेलच्या आत दोन प्रकारच्या सिलिकॉनचा जोड असतो. तो इलेक्ट्रॉनना एका बाजूला आणि रिकाम्या जागांना दुसऱ्या बाजूला नेतो. झाली वीज तयार!

पाउलीचा नियम नसता तर सगळे इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्याच जागेत जाऊन बसले असते. मग भरलेला मजला नाही, रिकामा मजला नाही, पॅनेल नाही आणि फोनची चिपही नाही.

मग कडक ऊन म्हणजे जास्त वीज का?

इथे बरेच जण फसतात. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेल तापलं की काही इलेक्ट्रॉन उष्णतेनेच वर उडतात आणि व्होल्टेज घसरतं. पॅनेलवर लिहिलेले वॅट 25 अंश तापमानाला मोजलेले असतात. सिलिकॉन पॅनेलची क्षमता दर अंशामागे साधारण 0.35 टक्के कमी होते असं धरा. मे महिन्यात पॅनेल 60 अंशांवर गेलं, तर वीज सुमारे 12 टक्के कमी मिळते. म्हणून पॅनेलखाली हवा खेळायला जागा सोडा. काचेवरची धूळ पुसायची तर सकाळी, काच गार असताना पुसा.

फोनवर करून बघा

फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा. रिमोटच्या टोकाला जांभळट-पांढरा उजेड लुकलुकताना दिसेल. तोच डोळ्यांना दिसत नाही. कारण कॅमेऱ्याचा सेन्सरही सिलिकॉनचाच असतो, आणि रिमोटच्या इन्फ्रारेड फोटॉनकडे इलेक्ट्रॉनला वरच्या मजल्यावर ढकलण्याइतकी ऊर्जा असते. काही कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, तिथे हे दिसणार नाही. दिसलं नाही तर दुसऱ्या फोनवर बघा.

बोसॉनचा उपयोग काय?

लेसर! एका अवस्थेत जितके फोटॉन जमतील, तितकी पुढचा फोटॉन त्याच अवस्थेत येण्याची शक्यता वाढते. त्यातून एका लयीतला, एका दिशेचा प्रकाश मिळतो. फायबर इंटरनेटमधून तुमची रील येते ती याच प्रकाशावर स्वार होऊन. आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया प्रकल्प होतोय. तिथेही गुरुत्वीय लहरी टिपायचं काम लेसरच करणार आहे.

थोडक्यात

- बोसॉन एकाच अवस्थेत कितीही जमतात. उदाहरण: फोटॉन.
- फर्मिऑन एका अवस्थेत एकच असतो. उदाहरण: इलेक्ट्रॉन.
- सोलर पॅनेलमध्ये दोघांची गाठ पडते: बोसॉन ऊर्जा आणतो, फर्मिऑन ती वाहून नेतो.

या विषयात पुढे शिकायचं असेल, तर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं करा. पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानावर काम चालतं, आणि केंद्र सरकारने 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनलाही मंजुरी दिली आहे. तिथपर्यंतचा रस्ता धाराशिवच्या कॉलेजातूनही जातो.